उतरलेले वजन परत येते तेव्हा

जिंतूरजवळच्या नेमगिरीची चढण फार मोठी नाही. तथापि ज्याचे वजन सव्वाशे किलो आहे, त्याला तीही दुर्लंघ्य वाटते. अशा माणसाची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होते, पस्तीस-चाळीस किलो उतरतात, आणि पुढल्या वर्षी तो तीच टेकडी गुडघ्यांवर हात न ठेवता चढून जातो. घरच्यांना कृतार्थ वाटते. त्यानंतर तीन-चार वर्षांनी केव्हातरी त्याच चढणीवर त्याला मध्येच थांबावे लागते. दम लागल्याचे तो कोणाला सांगत नाही. मागून येणाऱ्यांची वाट पाहत असल्याचे निमित्त करतो. गेले कित्येक महिने तो वजनकाट्यावर उभा राहिलेला नसतो. पण काट्याने सांगायचे ते चढणीने सांगितलेले असते.

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड येथील व्यापारी कुटुंबांत स्थूलता आणि तिच्या सोबतीने येणारा मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेतील श्वासरोध हे आजार आता अपरिचित राहिलेले नाहीत. त्यावरील बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियाही अपरिचित नाही. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून महाराष्ट्रातील सर्वसामान्य घरांतही तिची चर्चा होऊ लागली. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सारे जण एकच प्रश्न विचारतात, ‘किती किलो उतरले?’ तिसऱ्या-चौथ्या वर्षी विचारायचा प्रश्न निराळा असतो, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाही. उतरलेले वजन तेथेच राहिले आहे काय? काही परत आले असेल, तर त्याचे पुढे काय करायचे?

थोडे परत येणे स्वाभाविक

या विषयातील सर्वांत दीर्घ अभ्यासांपैकी एक स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक व्यक्तींची तेवढ्याच शस्त्रक्रिया न झालेल्या व्यक्तींशी वर्षानुवर्षे तुलना करण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते; दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे १२० किलोचा माणूस ८२ किलोपर्यंत आला आणि दहा वर्षांनी ९० किलोच्या आसपास राहिला. आज आपल्याकडे विशेष प्रचलित असलेली स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी त्या अभ्यासात नव्हती; परंतु वजन तळाला जाऊन पुन्हा थोडे वर येण्याचा क्रम तिच्यातही दिसतो.

याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे एकचतुर्थांशाने कमी होता, आणि हा तोच गट होता ज्याचे काही वजन परत आले होते. तेव्हा सात-आठ किलो वाढले म्हणजे सारे मुद्दल बुडाले, असा अर्थ कोणी काढू नये. ‘एवढा पैसा घातला आणि शेवटी काय झाले’ हे घरात सहज बोलले जाणारे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे, आणि ज्याला ऐकावे लागते त्याच्या प्रकृतीलाही ते अपायकारक आहे. त्या वाक्याच्या भयानेच माणूस वजन करणे टाळतो, डॉक्टरांकडे जाणे टाळतो, आणि सात किलोंचे सतरा किलो होतात.

शरीराचा हिशेब

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश ते चारपंचमांश भाग काढून टाकतात; उरते ती एक अरुंद नळी. बायपासमध्ये जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत माणूस थोड्या घासांत तृप्त होतो, आणि भूक चेतविणाऱ्या व शमविणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाणही बदलते. पहिल्या वर्षी भूक जणू नाहीशीच होते. दुसऱ्या वर्षापासून ती हळूहळू परतते, जठराची नळी काहीशी सैलावते, आणि ८० किलोच्या शरीराला १२० किलोच्या शरीरापेक्षा पुष्कळच कमी इंधन लागू लागते. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात, त्यामुळे विश्रांतीतला खर्च आणखी घटतो. आवक पूर्ववत होत असताना खर्च आटलेला, अशी ही स्थिती आहे. यात इच्छाशक्तीचा दोष शोधणे अन्यायाचे आहे.

भारतीयांसाठी परत येणाऱ्या किलोंचा अर्थ अधिक गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे तेवढ्याच वजनात चरबी अधिक, आणि तीही पोटाभोवती. म्हणून शस्त्रक्रियेने दूर गेलेला मधुमेह थोड्या किलोंनीही मागे फिरू शकतो. वजनाबरोबर कमरेचा घेर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीएवनसी चाचणी पाहणे यासाठीच आवश्यक ठरते.

गादीवरची गळती

शस्त्रक्रिया झालेला माणूस एका बैठकीत फार जेवू शकत नाही. मग वजन वाढते कसे? बहुतेक वेळा उत्तर ताटात सापडत नाही. ते दोन जेवणांच्या मध्ये सापडते. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पनीर यांनी लहान जठर लवकर भरते आणि बराच वेळ भरलेले राहते. उलट चहा, उसाचा रस, सरबत, लस्सी, आइस्क्रीम, खीर, तोंडात विरघळणारी शेव यांना ते अडवीतच नाही. पोट दुखत नाही, उलटी होत नाही, त्यामुळे जीभ नकळत त्यांच्याकडेच वळते.

मोंढ्यातील आडतीवर हंगामाच्या दिवसांत येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याबरोबर आणि खरेदीदाराबरोबर चहा होतो. समजा दिवसात आठ कप झाले आणि प्रत्येकात दोन लहान चमचे साखर असली, तर ती ८० ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे ३२० कॅलरी, दूध वेगळेच. समोरच्या बशीतील मूठभर काजू-शेंगदाण्यांच्या १७० कॅलरी आणखी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. शरीर काही अंशी जुळवून घेते, म्हणून कागदावरचा गुणाकार जसाच्या तसा काट्यावर उतरत नाही. परंतु रोजच्या या गळतीने वर्षाअखेरीस काही किलो नक्की जमा होतात. ज्या पेढीवर एका क्विंटलमागची घट डोळ्यांत तेल घालून पाहिली जाते, तेथे ही घट-वाढ मात्र कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

उपाय साधा आहे. आठवडाभर तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ, वेळेसह, वहीत लिहावा. काय सोडायचे हे बहुधा त्या वहीतूनच कळते. चहा बिनसाखरेचा आणि दोन वेळा. मधल्या भुकेसाठी बशी समोर न ठेवता मोजून काढलेली वाटी. आणि प्रत्येक जेवणाचा आरंभ प्रथिनांनी. प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम हवीत. शाकाहारात ती आपोआप येत नाहीत, बेरीज करावी लागते. ७५ ग्रॅम पनीर म्हणजे सुमारे १३ ग्रॅम, दोन वेळची मिळून ६० ग्रॅम कच्ची डाळ म्हणजे १४, दूध-दही मिळून ४०० मिलीलिटर म्हणजे १३, सोयाबीनच्या ३० ग्रॅम वड्या म्हणजे १५, आणि ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे ५. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत कच्चे दही आणि डाळ वेगवेगळ्या वेळी ठेवली की हा हिशेब तसाच जुळतो.

नियम साहाय्य करतात, तेव्हा आणि अडवितात, तेव्हा

सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम या बाबतीत फार मोलाचा आहे. पुष्कळांचे वजन रात्री दूरदर्शनसमोर चाळविलेल्या फराळाने वाढते. तो दरवाजाच येथे बंद असतो. परंतु परभणीत डिसेंबरच्या आरंभी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दुकान सोडून धावत घरी यायचे आणि दहा मिनिटांत जेवण उरकायचे, हे लहान जठराला सोसत नाही. वीस-पंचवीस मिनिटे, घास नीट चावून, असे जेवण हवे. त्यासाठी हिवाळ्यात डबा पेढीवर मागविणे अधिक शहाणपणाचे.

पाण्याचे गणित याहून अवघड आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव लागतो. तो जेवणाबरोबर घेता येत नाही, जेवणानंतरही सुमारे अर्धा तास थांबावे लागते, आणि एका दमात पेलाभर पाणी पिणेही जमत नाही. चौविहार करणाऱ्याला हे सारे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत बसवायचे असते. बाटलीवर खुणा करून तासातासाला घोट-घोट पाणी संपविणे, हाच मार्ग. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा यात हयगय करणे म्हणजे मूत्रपिंडांशी खेळ.

ताटात अन्न न टाकण्याचा संस्कार सुंदर आहे. मात्र तो वाढून घेतानाच पाळायचा असतो. वाटी लहान, चमचा लहान, आणि वाढप स्वतःच्या हाती असले, तर टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घरातील सुनेवर किंवा सासूवर शस्त्रक्रिया झाली असेल, तर आणखी एक पथ्य हवे. सर्वांचे आटोपल्यावर उरलेसुरले संपविण्याचे काम तिच्याकडे असू नये. लग्नकार्यातील मनुहार हाही प्रेमाचाच प्रकार. पण लहान जठराला आग्रह करणे हा अत्याचार होतो, हे यजमानांनी ध्यानात घ्यावे.

खरा धोका आहे तो परतलेल्या वजनावर उपवासांचा मारा करण्यात. काटा वर गेला की लाजेपोटी कोणी सलग उपवास धरतो, कोणी एकासनांची मालिका सुरू करतो. एकासनात दिवसाचे सारे अन्न एका बैठकीत घ्यायचे असते. लहान जठराला ते अशक्य, म्हणून प्रथिने निम्मीही जात नाहीत. शरीर आधी स्नायू खर्ची घालते, विश्रांतीतील खर्च आणखी घटतो, आणि पारण्यानंतर वजन पूर्वीपेक्षा वेगाने चढते. निर्जल उपवासात पाण्याची आणि क्षारांची उणीव होते. वारंवार उलट्या होत असताना अन्न तुटले, तर थायमिन हे जीवनसत्त्व झपाट्याने संपते. मग दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसतात. ही तातडीची अवस्था आहे. अशा वेळी रुग्णालयात पहिल्याच वाक्यात ‘पोटाची बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे’ हे सांगावे, कारण थायमिन दिल्यावाचून नुसते ग्लुकोजचे सलाइन लावणे घातक ठरू शकते.

पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात कोणते तप करावे, याचा विचार म्हणून आधी डॉक्टरांशी आणि मग गुरूंशी बोलून व्हावा. बाह्य तपांत अनशनाच्या लगेच पुढे अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदरी, सांगितली आहे. त्यानंतर रसपरित्यागही येतो. भुकेपेक्षा कमी जेवणे आणि गोड, तळलेले, तुपकट यांचा त्याग करणे ही तपे शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सुरक्षितपणे साधणारी आहेत, आणि वजन राखण्यासाठी त्याला नेमकी हीच हवी आहेत.

गोळ्या आयुष्यभराच्या

बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व यांच्या मात्रा या शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर घ्याव्या लागतात. ‘वजन वाढते आहे, म्हणजे पोषण भरपूर आहे’ हा समज फसवा आहे. वाढलेल्या वजनाचा माणूसही रक्तक्षयी असू शकतो. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात सुमारे दोनतृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते, आणि त्यांच्यावर कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. शुद्ध शाकाहारी माणसाचे जठर लहान केल्यावर काय होईल, याची कल्पना यावरून यावी. हातापायांना मुंग्या आणि विस्मरण सुरू होण्याची वाट पाहू नये.

अनेक घरांत या गोळ्या एका रास्त शंकेमुळे बंद पडतात. मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. डी-३ पुष्कळदा लोकरीतील मेदापासून करतात. गोळी गुपचूप सोडण्यापेक्षा ही शंका डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. वनस्पतिज आवरणाच्या कॅप्सूल, साध्या गोळ्या, वनस्पतिज डी जीवनसत्त्व, बी-१२ चे इंजेक्शन असे पर्याय मिळतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला आहे. त्याची भाकरी अवश्य खावी. मात्र लोहाच्या गोळीची जागा ती घेऊ शकत नाही.

दूरचे रुग्णालय, जवळचा काटा

परभणीच्या रुग्णांची शस्त्रक्रिया बहुधा छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई किंवा हैदराबादला होते. पहिल्या वर्षी तपासण्या नेमाने होतात. मग वजन उतरलेले असते, हंगाम सुरू असतो, प्रवास जिवावर येतो, आणि भेटी थांबतात. दुर्दैवाने वजन परतण्यास आरंभ होतो तो याच सुमारास. तपासणी थांबणे आणि वजन वाढणे हे एकाच वेळी घडते, म्हणून वाढ कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर तोडगा गावातच आहे. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करून लिहावे. शस्त्रक्रियेनंतरचे सर्वांत कमी वजन वहीच्या पहिल्या पानावर असावे. त्याहून तीन-चार किलो वाढले आणि दोन महिन्यांत उतरले नाही, की भेट ठरवायची, अशी खूण मनाशी बांधणे व्यवहारात सोयीचे. वर्षातून एकदा रक्ततपासणी परभणीतच करून अहवाल शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना पाठवावा; पुष्कळ सल्ले आता दूरध्वनीवरील दृश्यभेटीतही मिळतात. गावातील नेहमीच्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेच्या कागदांची एक प्रत ठेवावी. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधे यांनी वजन वाढते. थायरॉइड मंदावल्यानेही वाढते. औषधे स्वतः होऊन बंद करू नयेत, पर्याय विचारावा.

व्यायाम म्हणजे नुसते फिरणे, असे समजू नये. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालणे हवेच. पण गेलेले स्नायू परत आणण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम हवेत. खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, एवढ्याने आरंभ पुरेसा आहे.

हे सारे करूनही काटा चढत असेल, तर पुढचे उपाय आहेत. दुर्बिणीने किंवा क्ष-किरणांनी जठराची रचना पाहता येते. भूक शमविणारी नवी इंजेक्शने भारतात २०२५ पासून उपलब्ध आहेत. मार्चमध्ये मौंजारो आली आणि जूनमध्ये वेगोव्ही. ती बंद केल्यावर वजन परतण्याचा संभव असतो, आणि त्यांच्यामुळे जेवण घटत असल्याने प्रथिनांची चिंता अधिक वाढते. म्हणून ती केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यावीत. रचनेतच दोष असेल किंवा जळजळ असह्य असेल, तर स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करतात. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अधिक जोखमीची असते. ती घाईने ठरवू नये.

वही कोणी उघडायची

व्यापारी घराला तोट्याची भीती असते, पण तोटा लपविण्याची सवय नसते. ज्या महिन्यात नुकसान झाले, त्या महिन्याची वही अधिक काळजीने लिहिली जाते. वजनाच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते; वाढले की वही मिटते. ती पुन्हा उघडण्याचे धैर्य एकट्या रुग्णाकडून अपेक्षू नये. साखरेचा डबा गल्ल्याजवळून सर्वांनीच हलवावा, संध्याकाळचे जेवण सर्वांनीच निवांत करावे, आणि टोमणा सर्वांनीच गिळावा. शस्त्रक्रियेने एका माणसाचे जठर लहान होते. ऊनोदरी मात्र साऱ्या घराने शिकावी लागते. नेमगिरीच्या चढणीवर कोणी थांबलाच, तर त्याच्याजवळ क्षणभर थांबावे आणि खाली उतरल्यावर पुढच्या भेटीची तारीख ठरवावी.